क्रश कॉटनचा कुर्ता

युसूफचाचांना कापडचोर मी ठरवलं होतं.

आज सकाळी चाचा गेले. बाभुळगावात त्यांचं शिलाईचं दुकान होतं. सांगायला फार उशीर झालाय, तरी सांगते.

माझी शाळेतली नोकरी नवी होती. उन्हाळ्यासाठी नागपूरहून क्रश कॉटन आणलं. हलकं, अंगाला न चिकटणारं, सगळ्या सुरकुत्याच सुरकुत्या.

आमच्याकडे चुरगळलेलं कापड शिंप्याकडे नेत नाहीत. म्हणून मी ते कडक इस्त्री करून सपाट केलं. स्वतःला फार हुशार समजायचे तेव्हा.

चाचांनी कापड बोटांत चोळून पाहिलं.

"मॅडम, पाण्यातून काढलं ना? नाही तं मंग आटते."

मला त्याचा कुर्ता शनिवारी एका लग्नात घालायचा होता. न भिजवताच बिनधास्त "हो" म्हटलं.

लग्न झालं. पहिल्याच धुण्यात सुरकुत्या परत आल्या आणि कुर्ता अंगात शिरेना.

तावातावाने दुकान गाठलं. चाचांनी आवाजसुद्धा चढवला नाही.

"ठेवून जा मॅडम, उसवून ढिला करून देतो. कापड आहे अंदर."

मी ऐकलंच नाही. कुर्ता उचलला आणि स्टाफरूममध्ये सांगून टाकलं, चाचा कापड मारतात.

त्या वर्षांत कापसाने सगळ्यांचं कंबरडं मोडलं होतं. शेतकऱ्यांच्या घरी दिवाळीलाही नवं कापड येत नव्हतं. शिवायला टाकणारे आम्ही पगारदारच उरलो होतो.

शाळेतल्या बायकांनी एकेक करून टेलर बदलला. चाचा दप्तरांना चेन बसवू लागले.

पुढे कधीतरी नागपूरचाच एक दुकानदार सहज म्हणाला, याला इस्त्री करू नका, सपाट केलं की माप चुकतं.

म्हणजे चूक माझ्या इस्त्रीची होती.

तरी मी चाचांकडे गेले नाही. रस्त्यात भेटले की तेच आधी विचारायचे, "बरं आहे ना मॅडम?" मी घाईत असल्याचं दाखवायचे. लाज वाटायची, दुसरं काही नाही.

आज बातमी कळल्यावर कपाटाच्या तळातून तो कुर्ता काढला. पहिल्यांदाच उलटा करून पाहिला.

दोन्ही बाजूंच्या शिवणीत दोन-दोन बोटं कापड दुमडून ठेवलेलं होतं.

स्टाफरूममधल्या मैत्रिणींनो, ही पोस्ट तुमच्यासाठी आहे. चाचांनी माझं टीचभरही कापड घेतलं नव्हतं. खोटं मी बोलले होते. आता चाचींकडे निघालेय, त्यांच्यासमोरही हेच बोलणार आहे.

चाचा, तुम्ही असताना माझी हिंमत झाली नाही.

शेवटचा सलाम.