उपाशी अंगण

वॉटफर्डला आमच्या घराच्या पुढच्या अंगणाचं तोंड पश्चिमेला आहे. उन्हाळ्यात दुपारी एक वाजता तिथे ऊन येतं ते रात्रीची जेवणं आटोपली तरी हलत नाही. इंग्लंडमधल्या उन्हाबद्दल बोलायला लागले की पुण्याची बहीण फोनवर हसते. हसू दे. त्या वर्षी तिने येऊन बघायला हवं होतं. आठवड्यामागून आठवडे पावसाचा थेंब नाही, नळाला पाइप लावायला बंदी, आणि आमचं लॉन भाजून ठेवलेल्या पापडासारखं झालेलं. चाललं तर पायाखाली कुरकुर वाजायचं.

ते लॉन आमच्या ह्यांचं. हॉस्पिटलची ड्यूटी नसेल त्या रविवारी ते गवत कापायचे आणि मी दाराच्या पायरीवर चहा घेऊन बसायचे. ते गेल्यावर पायरी मी सोडली नाही. संध्याकाळी तिथे बसलं की येणारे-जाणारे दोन शब्द बोलतात. कुत्रा फिरवणारे आजोबा थांबतात, पोस्टमन हात करतो. घरातली दोघं कामावर गेली की माझं दिवसभराचं बोलणं तेवढंच. आता तुम्ही म्हणाल, इतकी बोलकी बाई आणि तेवढ्यावर भागतं कसं? भागत नाही, म्हणून तर लिहायला बसते.

तर त्या कोरड्या उन्हाळ्यात मुलगा चहा पिताना म्हणाला, "आई, या लॉनचं आता काही खरं नाही. विटा बसवून ब्लॉक पेव्हिंग करून टाकू. गाडी तरी उभी राहील."

गाडी सुनेची. ती हॉस्पिटलमध्ये वॉर्डवर असते, शिफ्ट संपवून येते तोवर आमची गल्ली गाड्यांनी भरलेली. मग चर्चच्या पलीकडे गाडी लावायची आणि पावसात चालत यायचं. तिने कधी कुरकुर केली नाही. पण तिचे ओले बूट रेडिएटरपाशी मीच ठेवत होते, तेव्हा नाही म्हणायला मला तोंड कुठलं? तरीपण पायरीवर बसल्यावर समोर गाडीचं बॉनेट आणि चारी बाजूंनी विटा, हे काही डोळ्यांपुढे येईना.

म्हटलं, "मला दोन उन्हाळे दे."

"कशाला?"

"फुलं लावते. पाणी न लागणारी."

"पाणी न लागणारी फुलं प्लास्टिकची असतात, आई."

"दोन उन्हाळे. नाही आली तर तुझ्या विटा."

"ठरलं," तो म्हणाला, आणि सुनेकडे बघून, "तू साक्षीदार."

सून सँडविचचा डबा भरत होती. ती नुसती हसली.

हे मी उगाच बोलले नव्हते. आमच्या शेजारी एक इंग्रज बाई राहते, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, शाळेत शिकवायची. तिच्या अंगणात माती कमी आणि दगड जास्त. मी मनात म्हणायचे, बिचारी म्हातारी, होत नसेल हिच्याने. आणि त्या वर्षी सगळ्या गल्लीचं गवत जळालं तेव्हा तिच्या दगडांत जांभळी, पिवळी, निळसर फुलं नुसती डोलत होती. तिने कधी झारी हातात घेतलेली मी पाहिली नाही.

मी विचारलं तर तिने मला कंपाउंडच्या बुटक्या भिंतीपाशी बोलावून एकेकीची ओळख करून दिली. नॅपवीड, आपल्या गोरखमुंडीसारखं जांभळं बोंड. फील्ड स्कॅबियस, लांब दांडीवर निळसर चकती. लेडीज बेडस्ट्रॉ, बारीक पिवळं आणि मधाच्या वासाचं. बर्ड्सफूट ट्रेफॉइल, जमिनीलगत पसरणारं, पानं जवळजवळ मेथीची. मी सगळी नावं वहीत देवनागरीत लिहून घेतली. "सगळी इथलीच, रानातली," ती म्हणाली. "एकदा पाय रोवले की वर्षानुवर्षं त्याच मुळातून परत येतात." जॅमच्या रिकाम्या बरण्यांत साठवलेलं बी तिने मला दिलं.

सप्टेंबरमध्ये मेलेलं गवत खरवडून काढलं, बी वाळूत मिसळून फेकलं आणि तिने सांगितलं तसं वरून पायांनी दाबलं. बियांवर पाय द्यायचा म्हणजे मला कसंसंच झालं. आधी नमस्कार केला आणि मग नाचले.

"आता हात लावू नकोस," शेजारीण म्हणाली.

हात लावू नकोस म्हणजे काय? मी ज्या घरात वाढले तिथे दारात आलेल्याला नुसतं पाणी देऊन पाठवलं तर आई दिवसभर हळहळायची. आमचे हे म्हणायचे, तुझ्याकडचा पाहुणा बसताना खुर्चीत बसतो आणि उठताना खुर्ची घेऊन उठतो. माझ्या अंगणात इवलीइवली बाळं निजलेली आणि मी त्यांना उपाशी ठेवू? रोजचं तांदूळ धुतलेलं पाणी तिकडे. चहाचा चोथा धुऊन तिकडे. उरलेलं ताक पातळ करून तिकडे. आणि निर्माल्य. देवावरचं फूल कचऱ्याच्या डब्यात टाकणं आम्हा दोघांनाही कधी जमलं नाही. हे असल्यापासून ते पुढच्या मातीतच पुरत आलो होतो. आता तर फुलांच्या पोटी फुलंच जात होती. मला त्यात मोठाच अर्थ वाटायचा.

वसंत आला आणि अंगण असं तरारलं म्हणता! मी पायरीवर बसून आल्यागेल्याला अभिमानाने दाखवायचे. मे संपेपर्यंत ते गुडघ्याला लागलं, जूनमध्ये कमरेला. कुत्रेवाले आजोबा म्हणाले, "छान हिरवंगार आहे," आणि कुत्र्याचा पट्टा आवळून पुढे गेले. कारण त्यात निम्मं गवत होतं आणि निम्मी नेटल्स, हात लागला की तासभर चुरचुरणारी. फूल एक नाही. शपथेला नाही.

"आई, हीच का तुझी रानफुलं?" मुलगा म्हणाला. "रान दिसतंय. फुलं कुठे राहिली?"

शेजारीण भिंतीवर कोपर टेकून वाकली आणि तिने विचारलं, "काय काय घातलंस?"

इंग्रजीत तू-तुम्ही काही नसतं, पण तिच्या तोंडून ते मला नेहमी 'तू'च ऐकू येतं. मी बोटं मोजत सगळं सांगितलं. तांदळाचं पाणी, चहा, ताक, देवाची फुलं. सांगताना छाती फुगली होती. तिने डोळे मिटून घेतले.

"डिअर," ती म्हणाली, "ही जेवायला बोलावलेली माणसं नाहीत. यांना भुकेची जमीन लागते. तू पान वाढलंस की गवत आणि नेटल्स पहिल्या पंगतीला बसतात, सगळं खाऊन टाकतात आणि ही बिचारी दाराबाहेर राहतात."

पंगत हा शब्द अर्थातच माझा. पण ती म्हणाली ते तसंच.

मी पायरीवर येऊन बसले आणि स्वतःचाच इतका राग आला. आमच्या गावामागे सडा होता, नुसता काळा कातळ आणि वर बोटभर माती. तिथे कुणी शेणाची पाटी टाकली नव्हती की ताक ओतलं नव्हतं. तरी पावसाळा सरता सरता तो अख्खा सडा फुलायचा, आणि खाली गाळाच्या जमिनीत फक्त गवत. लहानपणी त्या सड्यावरून मी शाळेत जायचे. डोळ्यांनी बघितलेलं होतं सगळं! पण हातांना कोण सांगणार?

एक उन्हाळा गेला. हाती एकच राहिला.

उपाय शेजारणीनेच सांगितला. वरची चांगली माती फावडंभर खोल काढून टाकायची. ऑगस्टमध्ये एका शनिवारी मुलगा घाम गाळत उभा होता. ती काळीभोर, लोण्यासारखी माती ढकलगाडीने मागच्या अंगणात गेली. त्यावर मी मेथी-कोथिंबीर लावली आणि ती काय माजली म्हणून सांगू! पुढच्या अंगणात खडी आणि वाळू पसरली. मुलगा फावड्यावर हनुवटी टेकून म्हणाला, "पेव्हिंगवालासुद्धा एवढंच खणतो. त्याचं अर्धं काम मी करून ठेवलं." थट्टेतच म्हणाला, पण मी लगेच त्याच्या हातातलं फावडं काढून घेतलं.

पुन्हा बी टाकलं, पुन्हा नाचले. आणि खरी परीक्षा त्यानंतर सुरू झाली. सकाळी तांदळाच्या पाण्याचं पातेलं हातात घेतलं की पाय आपोआप पुढच्या दाराकडे वळायचे.

"आई, पातेलं घेऊन कुठे निघालात?" सून जिन्यावरून विचारायची.

"कुठे नाही."

"मागचं दार तिकडे आहे."

"तुला शिफ्टला उशीर नाही होत का गं?"

"होतो. तरी उभी आहे."

निर्माल्याला मागे एक मोठी कुंडी केली. पण एकदा घरात कुणी नव्हतं तेव्हा मी एका कोपऱ्यात चहाचा चोथा टाकलाच. इतकी मलूल दिसत होती हो रोपं. पंधरा दिवसांनी बरोबर तिथेच एक नेटल उभं राहिलं. सून शिफ्टवरून आली, बघितलं आणि म्हणाली, "चहा झालेला दिसतोय." मी हातमोजे घालून ते उपटलं आणि परत तसं केलं नाही.

दुसरा उन्हाळा आला. खडीत जमिनीला चिकटलेली पानांची चक्रं दिसायला लागली, इथे एक, तिथे एक. फिकट, किडकिडीत. फुलं नाहीत. मी रोज संध्याकाळी पायरीवर बसून बघायचे आणि आजोबा कुत्र्यासह थांबून म्हणायचे, "खडी छान आहे." शेजारणीने एक बोटाएवढं रोप हळूच उकरून दाखवलं. वर चार पानं आणि खाली मूळ माझ्या वितीहून लांब. "पहिलं वर्ष ही खाली चालतात," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी वर येतील." आणि ते रोप तिने परत खडीत खोचलं.

पुढच्या वर्षी. पण माझे उन्हाळे दोनच होते आणि ते मीच मागून घेतले होते.

सप्टेंबरमध्ये मुलगा म्हणाला, "आई, झाले बरं का दोन." आवाज मऊ होता, त्यामुळे जास्तच लागलं. मी ते मूळ बघितल्याचं सांगितलं. "मूळ आहे गं, पण तुझी सून रोज भिजत येते," तो म्हणाला. शब्द दिला होता. म्हटलं, बोलाव तुझ्या माणसाला.

शनिवारी पेव्हिंगवाला टेप घेऊन आला. मी त्याला चहा दिला, चिवडा दिला, वर अजून घे म्हटलं. सवय. तो रोपांमधून पाय टाकत मोजत होता, माझं लक्ष त्याच्या बुटांवर. तेवढ्यात सून आली. चर्चपलीकडून चालत, युनिफॉर्मवर रेनकोट, केस ओले. फाटकापाशी थांबून तिने विचारलं, "किती करताय?"

"अख्खं," मुलगा म्हणाला.

"का? गाडी काय अख्ख्या अंगणावर चालते?" तिने पर्स भिंतीवर ठेवली. "दोन पट्टे करा, चाकांपुरते. मधे आणि बाजूला राहू दे आहे ते."

पेव्हिंगवाला म्हणाला, असं करतात काही लोक, मधली उंच वाढणारी झाडं तेवढी बाजूला हलवायची, बुटकी चालतील.

मुलगा तिच्याकडे वळला. "अगं, तुझ्यासाठीच चाललंय ना हे सगळं?"

"माझ्यासाठी आहे तर मला विचार ना. वर्षभर मी आईंना पातेल्यासकट पकडतेय. एवढं उपाशी ठेवल्यावर काय उगवतं ते मलाही बघायचंय."

मी चिवड्याची बशी पुन्हा पेव्हिंगवाल्यापुढे धरली.

"आई गप्प आहे," मुलगा म्हणाला. "भिंतीवर लिहून ठेवा रे कुणीतरी."

गाडी आत यायला कौन्सिलकडून फुटपाथची कड उतरवून घेण्यात हिवाळा गेला, मग विटांचे दोन पट्टे झाले. मधे ट्रेफॉइल, बेडस्ट्रॉ, अशी बुटकी मंडळी. कडेला स्कॅबियस आणि नॅपवीड. मे अखेरीला पहिलं ट्रेफॉइलचं पिवळं फूल दिसलं तेव्हा मी शेजारणीची बेल वाजवली, आणि ती काठी टेकत आली ती हातात चष्मा घेऊनच. मग जुलैत बेडस्ट्रॉचा मधाचा वास पायरीपर्यंत यायला लागला आणि स्कॅबियस उठलं, निळसर चकत्याच चकत्या, प्रत्येकीवर एक मधमाशी. आजोबा आता खडीबद्दल बोलत नाहीत. कुत्रा कंटाळून खाली बसतो इतका वेळ थांबतात.

परवाची गोष्ट. सून शिफ्टवरून आली आणि गाडी फाटकातच थांबली. काच खाली करून म्हणाली, "आई, एक बाई रस्त्यात झोपल्यात."

वाऱ्याने स्कॅबियसच्या पाचसहा दांड्या विटांवर आडव्या झाल्या होत्या. मी पायरीवरून उठले, लुगड्याचा घोळ सावरावा तशा त्या दोन्ही हातांनी गोळा करून बाजूला धरल्या. माश्या काही उठल्या नाहीत. "ये हळूहळू," म्हटलं. गाडी माझ्या कोपरापासून हातभर अंतरावरून सरकत आत आली. सून उतरली, चार पावलांत पायरीपाशी.

मग ती माझ्याशेजारी पायरीवरच बसली आणि आम्ही चहा घेतला. समोर ऊन होतं, पावसाचा पत्ता नव्हता, तीन आठवडे झाले असतील. कडेचं एक नॅपवीड मला जरा सुकल्यासारखं वाटलं. कपाच्या तळाशी दोन घोट उरले होते. मी कप हातात घेऊन उठले.

"आई," सून म्हणाली.

"मागच्या दाराने," मी म्हटलं. "माहितीये गं."