भिंगरीबाईंचा निखारा

भिंगरीबाईंना बसलेलं मी पाहिलं नव्हतं. मीच काय, डोंबिवलीच्या आमच्या मुलींच्या शाळेत कुणीच पाहिलं नव्हतं. शिक्षकांच्या खोलीत त्यांची एक खुर्ची होती, पण तिच्यावर त्यांची पिशवी बसायची. मधल्या सुट्टीत पोळीत भाजी घालून गुंडाळी करायची आणि मैदानाला फेऱ्या मारत मारत खायची, हे त्यांचं जेवण. शाळेच्या दर वर्षीच्या फोटोत बाकीच्या बाई पदर सावरून छान स्पष्ट बसलेल्या, आणि कडेला उभ्या असलेल्या आमच्या पीटीच्या बाई तेवढ्या पुसट. फोटोवाला "रेडी" म्हणायचा आणि नेमक्या त्याच क्षणी यांना कुणाची तरी रिबीन सुटलेली दिसायची.

पायाला भिंगरी म्हणून भिंगरीबाई. हे नाव आम्ही त्यांच्या पाठीमागे घ्यायचो, पण त्यांना ते पक्कं ठाऊक होतं. एकदा वर्गात कुणीतरी चुकून मोठ्यानं बोललं आणि आम्ही सगळ्या गारठलो. बाई म्हणाल्या, "भिंगरी तर भिंगरी. गोगलगाय म्हणत नाही ना? चला, मैदानावर!" कुणी पायरीवर टेकलेलं दिसलं की लांबून आरोळी यायची, "सावंत, बसलीस काय? मुंग्या लागतील!" सावंत म्हणजे मी. लग्नानंतर आडनाव बदललं, केस पांढरे झाले, तरी त्यांच्या लेखी मी सावंतच राहिले.

पालकांची तर पंचाईतच व्हायची. तक्रार घेऊन आलेल्या माणसाला बाई कधी थांबून भेटल्या नाहीत. "चला, चालता चालता बोलू," म्हणायच्या आणि सुटायच्या. गणपतीच्या देवळापर्यंत पोचेतो त्या माणसाला धाप लागलेली असायची आणि तक्रारीतली हवा निघून गेलेली असायची. आमच्या घरीही त्या एकदा अशाच आल्या होत्या. मला लहानपणी दम लागायचा, म्हणून आई मला कॅम्पला सोडत नव्हती. आमच्या दोन खोल्या. बाई चहाचा कप हातात घेऊन गॅलरीपासून मोरीपर्यंत आणि मोरीपासून गॅलरीपर्यंत येरझाऱ्या घालत बोलत होत्या. आई मान इकडून तिकडे वळवून वळवून थकली. शेवटी म्हणाली, "बाई, घेऊन जा हो तिला. पण आधी बसा, मला गरगरतंय." बाई हसल्या, कप ठेवला आणि बसल्या नाहीतच, तशाच जिना उतरून गेल्या. मी कॅम्पला गेले.

तो कॅम्प येऊरच्या जंगलात व्हायचा, डिसेंबरात. दिवसभर दोरखंडाच्या गाठी, पाण्याचे हंडे, पाय मोडेपर्यंत चालणं. पण आमचा सगळा जीव अडकलेला असायचा संध्याकाळच्या शेकोटीत, कारण शेकोटीत निखारा मिळायचा. निखारा हे आम्ही मुलींनीच ठेवलेलं नाव. दोन मारी बिस्किटं, मध्ये बाईंनी घरून आणलेलं लोणी, चिरलेला गूळ, दाण्याचं जाडसर कूट. हे पळसाच्या पानात बांधायचं आणि काटकीनं निखाऱ्यांच्या कडेला सरकवायचं. गूळ वितळला की झालं. काम एवढंसं, फक्त शेजारी बसून लक्ष ठेवायचं. आणि तेच बाईंना जमायचं नाही. पानं आगीत सरकवली की, "हलू नका, मी आले!" म्हणून त्या उठायच्याच. कुठे तंबूचा दोर सैल, कुठे कुणी रडतंय. परत यायच्या तेव्हा वास सुटलेला असायचा. "अरे देवा, लागलं वाटतं! असू दे, काळं ते जास्त गोड." आम्ही अंगठ्याच्या नखानं काळा भाग खरवडायचो, बाईंच्या नावानं कुरकुरायचो आणि बोटं चाटायचो. दम लागणारी मी त्या आगीशी बसून दोन-दोन निखारे खायचे. तेवढा आनंद मला नंतर फार कमी गोष्टींनी दिला.

शाळा संपली, बाई निवृत्त झाल्या. मी घोडबंदर रोडवरच्या मानपाड्याला राहायला आले, संसार केला आणि पुढे घरच्या घरी केक-बिस्किटं करून विकायला लागले. माहेरी डोंबिवलीला गेले की बाई अधूनमधून दिसायच्या. बाजारात, पुलावर, नेहमी माझ्या विरुद्ध दिशेला चाललेल्या. "सावंत, जाड झालीस!" एवढं बोलून पुढे. मग दिसेनाशा झाल्या. आणि गेल्या हिवाळ्यात त्यांच्या भाचीचा, वृंदाचा फोन आला.

"ताई, मावशी माझ्याकडे आहे, माजिवड्याला. पडली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालंय, पण काही खातच नाहीये हो."

ते आधी माझ्या डोक्यात शिरेचना. बाई आणि पडल्या? मग वृंदा सगळं सांगत बसली. पोट कितीतरी वर्षं बिघडलेलं, तपासण्या झाल्या आणि निघालं की गहूच बाधतो. गहू जन्मभर बंद. दूधही पचेना, तेही बंद. पोळी गेली आणि बाई रुसल्या. भाकरी पुढे केली की म्हणायच्या, "हे बसून खायचं अन्न आहे. गुंडाळी होत नाही हिची." अर्धपोटी फिरत राहिल्या आणि एक दिवस जिन्यात घेरी आली. आता डॉक्टर म्हणत होते, पोटात अन्न गेलं, अंगात ताकद आली, तरच वॉकर धरून उभ्या राहतील. नाहीतर खुर्ची सुटायची नाही.

"काय हवंय विचारलं, तर म्हणते निखारा हवा. मला वाटलं वात झाला. मग म्हणाली, सावंतला विचार."

मी त्याच दिवशी गेले. उंच इमारत, वरचा मजला. खिडकीशी खुर्ची आणि खुर्चीत बाई. मला वाटलं होतं तेवढ्या काही खंगल्या नव्हत्या, पण बसलेल्या होत्या. मला बघवेना. खाली नाक्यावर पुलावरून, पुलाखालून गाड्या पळत होत्या. बाई बोटानं दाखवत म्हणाल्या, "बघ, सगळा गाव पळतोय. मीच तेवढी बसलेय." दुसरा हात खुर्चीच्या दांड्यावर ताल धरून होता, थांबतच नव्हता. "निखारा करून आणशील?" मी म्हटलं, "आणते, त्यात काय!"

त्यात काय म्हणे! मारी बिस्किटात गहू, लोण्यात दूध. म्हणजे निखाऱ्यातला गूळ आणि दाणे सोडले तर बाकी सगळं वर्ज्य. हल्ली घोडबंदरच्या बायका माझ्याकडे व्हेगन, ग्लूटेन-फ्री कुकीज मागतात, तेव्हा मी नाक मुरडत आले होते. आता त्याच करायच्या होत्या. नाचणी, ज्वारी आणि तांदळाचं पीठ घेतलं, लोण्याऐवजी खोबरेल. पहिला घाणा ओव्हनमधून काढला आणि हात लावताच भुगा झाला. गव्हाचा चिकटपणा नाही, धरणार कशानं? मग जवसाची पूड भिजवून घातली. दुसरा घाणा असा धरला की सुटेना. आमच्या ह्यांनी एक तोंडात टाकली, गालात इकडून तिकडे फिरवली आणि म्हणाले, "अगं, बाल्कनीची फरशी निघालीय ना, तिथे लागतील या."

तिसऱ्या खेपेला जमलं. मऊ, खुसखुशीत, मध्ये गूळ मस्त वितळलेला. डबा भरून निघाले आणि दाराशीच पाय थबकले. ज्वारीचं पीठ मी कोपऱ्यावरच्या गिरणीतून आणलं होतं. त्या गिरणीत आधी कुणाचे तरी गहू दळलेले असणार, जात्याला लागलेलं ते पीठ माझ्या ज्वारीत आलेलं असणार. आपल्याकडे गिरणीत कोण असा विचार करतं? बाईंना तेवढंही चाललं नसतं. सगळा डबा आमच्या ह्यांच्या पुढे ठेवला. मिक्सरचं भांडं घासूनपुसून लख्ख केलं, धान्य निवडलं, धुतलं, वाळवलं आणि घरीच दळायला बसले. तिकडे वृंदाचे मेसेज येत होते, आज दोन चमचे पेज, आज तीही नाही.

शेवटी नेला डबा. बाईंनी एक तुकडा तोंडात घातला, चावला, गिळला. आणि उरलेली कुकी बशीत ठेवली.

"छान झालंय गं. बेकरीचं वाटतंय." मी खूश होणार तेवढ्यात म्हणाल्या, "पण निखारा नाही हा."

मी चिडले, खोटं कशाला बोलू? आजारी माणसावर चिडू नये, पण चिडले. घरी येऊन विचार केला, धूर कमी पडला असेल. पेटता कोळसा वाटीत ठेवून त्यावर खोबरेल सोडलं, वर झाकण घालून कुकीजना धुरी दिली. कल्याणच्या बाजारातून पळसाच्या पत्रावळी आणून त्यांवर भाजल्या. पुन्हा माजिवडा. बाईंनी हुंगलं. "धूर आलाय. पत्रावळीचा वासही आलाय." खाल्लं किती? चिमणीएवढं. "तू उगाच दमतेस, सावंत. राहू दे आता." बाई कधी कुणाला राहू दे म्हणाल्या नव्हत्या. तो शब्द ऐकून मी घाबरले.

त्यानंतरच्या घाण्याला मी ओव्हनसमोर ठाण मांडलं. काचेला नाक लावून. एकही कुकी जराही करपू द्यायची नाही, अगदी सोनेरी काढायची. मीठ वाढवलं होतं, दाणे खमंग भाजले होते. आणि फोन वाजला. वृंदा रडत होती. "ताई, सकाळपासून तोंड मिटून बसलीय. डॉक्टर म्हणतात उद्या नळी घालू. तुम्ही येता का?" मी बोलायला लागले आणि मला उभंच राहवेना. कोणती नळी, कुठून घालणार, मी बोलते त्यांच्याशी, असं काहीबाही म्हणत मी स्वयंपाकघरातून गॅलरीत, गॅलरीतून दारापर्यंत, पुन्हा गॅलरीत. किती फेऱ्या झाल्या देव जाणे. आतून ह्यांची हाक आली, "अगं, जळतंय काहीतरी!"

ट्रे बाहेर काढला. मागच्या बाजूच्या सगळ्या कुकीज एका कडेनं काळ्याठिक्कर. गूळ उतू येऊन करपलेला. नवा घाणा करायला वेळ नव्हता आणि मला रडू आवरत नव्हतं. त्याच कुकीज डब्यात कोंबल्या आणि रिक्षाला हात केला. काळं खरवडायचंही सुचलं नाही.

बाईंनी डबा उघडल्यावर आधी वास घेतला. मग काळी कडच तोंडात धरून कडाकडा चावली. दांड्यावरचा हात थांबला.

"कोण उठून गेलं होतं?" त्यांनी विचारलं.

"मी, बाई. फोन आला, बसवेना मला."

"मग बरोबर. आता झाला निखारा." बोटाला लागलेला गूळ त्यांनी चाटला. आम्ही जो काळा भाग नखानं खरवडून टाकायचो, तोच इतक्या खेपा मी मुद्दाम गाळत आले होते. त्यांच्या निखाऱ्यातून त्यांनाच वगळत होते. बाईंनी ती कुकी संपवली, दुसरी हातात घेतली आणि म्हणाल्या, "वृंदा, तो वॉकर इकडे आण. हे बसून खायचं नाही."

वृंदा नको नको म्हणत राहिली. मी एका बाजूनं धरलं, तिनं दुसऱ्या. बाई उठल्या आणि मानेनंच आम्हाला बाजूला व्हायला सांगितलं. दातात निखारा धरून, दोन्ही हात वॉकरवर, खिडकीपासून पलंगापर्यंत गेल्या. पाय लटपटत होते, कपाळावर घाम आला होता. पलंगाशी पोचून त्यांनी मागे वळून पाहिलं. मी मटकन त्यांच्याच खुर्चीत बसले होते आणि ढसाढसा रडत होते.

"सावंत," बाई भरल्या तोंडानं म्हणाल्या, "बसलीस काय?"

नळी टळली. पेज, भात, मग भाकरीसुद्धा पोटात जायला लागली, पण निखारा मात्र चालताना. त्या हिवाळ्यात बाई त्या घरात भरपूर चालल्या. वृंदा सांगायची, सोसायटीच्या बागेत वॉकर ठकठक वाजवत फिरतात आणि बाकांवरच्या म्हाताऱ्यांना उठवतात. उन्हाळ्यात एका सकाळी बाई गेल्या, झोपेतच. मला फार लागलं ते. अजूनही बाजारात समोरून कुणी तरातरा येताना दिसलं की मी आधी चेहरा बघते.

आता माझ्या कुकीजच्या यादीत निखारा आहे. गहू नाही, दूध नाही. पीठ घरचंच, गिरणीचं नाव नाही. एखादी बाई तक्रार करते, "काकू, चव मस्त आहे, पण एका बाजूनं करपतात हो तुमच्या." मी म्हणते, काळं ते जास्त गोड. बाकी सगळ्या घाण्यांना मी घड्याळ लावते. निखाऱ्याला लावत नाही. ट्रे आत सरकवते, ओव्हनचं दार लावते आणि गॅलरीत येरझाऱ्या घालायला जाते. आतून ह्यांचा आवाज येतो, "अगं, वास सुटला! काढू का?"

मी तिथूनच ओरडते, "हलू नका, मी आले!"