खालच्या सुराची सालाफाई

महामारीमुळे सामोआतली चर्चं बंद झाली, तेव्हा पाद्रीबाबांनी गावाला सांगितलं, रविवारी संध्याकाळचं स्तोत्र पाळीपाळीनं एका घरानं उचलायचं आणि बाकीच्यांनी आपापल्या ओसरीतून साथ द्यायची. त्या रविवारी पाळी सालाफाईच्या घराची होती आणि घरात सालाफाई एकटीच.

थोरली बहीण लोसा लेकीच्या बाळंतपणाला ऑकलंडला गेली आणि विमानं बंद झाल्यावर तिकडेच अडकली. दोघी विधवा, वडिलांच्या घरात एकत्र राहायच्या, गायलाही एकाच चटईवर बसायच्या. लोसा चाल गायची, सालाफाई खालचा सूर धरायची. ही वाटणी वडिलांनीच करून दिलेली. "वर गाणाऱ्या पुष्कळ मिळतील. तू तळ सांभाळ, पोरी."

तिनं तो असा सांभाळला, की कुणाला तो वेगळा ऐकूच आला नाही. एकदा ती तापानं पडली. त्या रविवारी स्तोत्र चढत चढत इतकं वर गेलं, की सगळ्यांना मध्येच थांबावं लागलं. तिची किंमत गावाला कळली ती तेव्हा.

दुपारी घर अगदी शांत होतं. पंख्यानं वारा घेत तिनं स्तोत्राची चाल गुणगुणून पाहिली. येईना. मग वडिलांचं होडीतलं गाणं, लोसाच्या लग्नातलं गाणं. प्रत्येक गाणं आठवे, पण अर्धंच, खालच्या बाजूचं.

कुंपणापलीकडून शेजारचा तासी म्हणाला, "काकी, होडीचं इंजिन चालू केलंत का? मघापासून घरघरतंय."

"इंजिनच आहे रे बाबा. होडी ऑकलंडला गेलीय."

"मग पाळी आम्हाला द्या. माझी बायको उचलेल."

"उचलेल, आणि मग वर्षभर ऐकवेल."

"मी रोजच ऐकतोय की."

सालाफाई हसली, पण पाळी दिली नाही. वडिलांच्या वेळेपासून या घरानं आपलं गाणं दुसऱ्याकडे सोपवलं नव्हतं.

संध्याकाळी प्रार्थनेचा शंख वाजला. गाव गप्प झालं. तिनं तोंड उघडलं. चाल आलीच नाही. मग जे येत होतं तेच तिनं गायला घेतलं. तो जाडसर, संथ आवाज जन्मात प्रथमच एकटा बाहेर पडला. कुठल्याशा घरात पोरं खिदळली. ती थांबली नाही. पहिलं कडवं तिनं तसंच, एकटीनं, शेवटपर्यंत नेलं.

दुसऱ्या कडव्याला तासीच्या बायकोनं वरची चाल उचलली आणि नेमकी तिच्या सुरावर टेकवली. मग पुरुष आले, मग पलीकडची आळी. आता सालाफाई पुन्हा कुणाला वेगळी ऐकू येत नव्हती.

जेवण झाल्यावर लोसाचा फोन आला. तासीच्या बायकोनं तिला फोनवर सगळं ऐकवलं होतं.

"मी नाही म्हणून गाणं तळाकडून बांधायला घेतलंस होय?"

"तुझी जागा मोकळी ठेवली होती. तासीची बायको येऊन बसली."

"बसू दे. आल्यावर उठवते तिला."