काचघर दाखवणाऱ्या काकू

सुट्टीत मी देवासहून धारला ताईकडे गेलो, की तिच्या शेजारच्या काकू मला दरबारी बागेतलं काचघर दाखवायला न्यायच्याच. त्यांचे यजमान दरबारात कारकून होते, म्हणून त्यांना तिथे मज्जाव नव्हता. विलायती झाडांची नावं काकूंना येत नसत. त्या सरळ आपलीच ठेवून द्यायच्या. "ही लाजरी पाहुणी, हा मिशाळ जहागीरदार. समजलं ना?" प्रत्येक वाक्यामागे "समजलं ना?" असायचंच, आणि उत्तराची वाट त्या कधी बघत नसत.

एका वर्षी काचघराच्या दाराशी एक माळवी बाई उभी होती. या झाडांना विहिरीचं पाणी तीच आणायची, पण घागर उंबऱ्याबाहेर ठेवून परत जायची. आत नवीन फूल उमललंय, हे तिच्या कानावर आलं होतं. पहारेकरी म्हणाला, "इसको अंदर मना है, बाईसाब."

काकू सोवळंओवळं कडक पाळणाऱ्या. त्या तशाच पुढे जातील असं मला वाटलं. पण त्यांनी त्या बाईचा ओला हात धरला. "भिया, ये मेरे साथ है," पहारेकऱ्याला म्हणाल्या आणि तिला घेऊन आत गेल्या. ती फुलासमोर बराच वेळ उभी राहिली. काकूंनी हात सोडला नाही.

पहारेकऱ्यानं वर कळवलं. यजमानांना बोलणी खावी लागली आणि काकूंचं बागेत जाणं बंद झालं. पुढच्या सुट्टीत मी हळहळलो, तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "माझं सगळं बघून झालं होतं रे. तिचंच राहिलं होतं."