जमीरभाईंचे पाय आणि फाल्गुनातला वारा

दिग्रसच्या कापसाच्या जिनिंगांमध्ये जमीरभाईंच्या हाताखालून गेलं नाही असं यंत्र शोधूनही सापडलं नसतं. बंद मशीनला कान लावला की तिचं दुखणं त्यांना ऐकू यायचं. म्हणूनच नीळकंठकाकांनी त्यांना बोलावून घेतलं. काका एके काळी विमानातून पिकांवर फवारणी करत. म्हातारपणी त्यांनी यवतमाळबाहेरच्या धावपट्टीवर एक जुनं, दोघांपुरतं विमान आणून ठेवलं होतं. पुढे दोन चाकं, शेपटीखाली एक चिमुकलं. जमीरभाईंनी त्याचं इंजिन बोलतं केलं. काय देऊ, असं काकांनी विचारल्यावर तो पन्नाशीचा माणूस लाजत म्हणाला, "मले उडवाले शिकवा."

दोन वर्षं गेली. परीक्षा, डॉक्टरची तपासणी, सगळं रीतसर झालं. आकाश सोपं निघालं, अवघड होती ती जमीन. "उतरल्यावर याची शेपूट पुढे यायले पाहते," काका बजावत. "पेडलांवरचे पाय झोपले, की विमान गरकन फिरलंच समजा."

फाल्गुनातल्या एका सकाळी जमीरभाई एकटेच वर गेले. खाली डोंगरभर पळस फुललेला. आपण उडतच नाही, खालचा मुलूखच हळूहळू वाहत चाललाय, असं त्यांना वाटलं. नाले, वावरं, बैलगाडीची वाट, सगळं कुणाच्या तरी झोपेतून सरकत होतं. जन्मभर यंत्रांच्या धडधडीत राहिलेल्या माणसाला त्या एका इंजिनाचा आवाज शांततेसारखा वाटला.

परतेपर्यंत वारा उठला होता. धावपट्टीच्या कडेची, वारा दाखवणारी कापडी नळी क्षणात ताठ, क्षणात लुळी होत होती.

"जमीरभाई," वायरलेसवर काका म्हणाले, "वारा डावीकडून झोत मारून राह्यला. वेग जरा जास्त ठेवा. सरळ वाटलं नाही तर उतरू नका."

चाकं टेकली न टेकली तोच झोत आला. विमान उचललं गेलं, नाक डावीकडे वळलं. जमीरभाईंनी इंजिनाला पूर्ण ताकद दिली आणि ते पुन्हा वर गेले. धावपट्टी मागे पडली तरी दांड्यावरची मूठ त्यांनी सैल केली नाही.

"बराबर केलं. घाई कायले? या फिरून."

दुसऱ्या खेपेला जमिनीपासून बरंच वर असतानाच धावपट्टी तिरपी दिसू लागली. या वेळी कुणी सांगायच्या आधीच ते वर वळले. आणि मग नवल झालं, भीती निवली. वारा त्यांना आता शत्रू वाटेना. खोड काढणारं, पण ऐकू येणारं एक यंत्रच वाटू लागला तो.

तिसऱ्यांदा त्यांनी डावा पंख किंचित वाऱ्याकडे झुकवला. डावं चाक टेकलं. बऱ्याच वेळानं, असं त्यांना वाटलं, उजवं टेकलं, मग शेपटीचं. हातातला दांडा पोटाशी, वाऱ्याच्या बाजूला धरलेला, आणि पाय पेडलांवर सारखे चाललेले: जरा उजवा, जरा डावा, पुन्हा उजवा.

विमान थांबलं. त्यांनी इंजिन बंद केलं. काका चालत जवळ आले.

"उतरा आता."

"काका, मले वाटते हे अजून चालूनच राह्यलं."

काकांनी आत वाकून पाहिलं. जमीरभाईंचे पाय पेडलांवर अजून हळूहळू हलत होते. काका हसले नाहीत. पंखाला हात लावून, ते पाय आपोआप थांबेपर्यंत उभे राहिले.