जिना उतरताना

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे विरारच्या फुलपाड्यातल्या आमच्या अख्ख्या बिल्डिंगला माहीत आहे. पण नको ते मी बोलून बसले आणि बोलायला हवं होतं ते गिळलं.

समोरच्या फ्लॅटमध्ये एक तरुण जोडपं राहायचं, आणि त्यांची आठ वर्षांची मुलगी. आई मला काकी म्हणायची, म्हणून पोरगीही काकीच म्हणायची. दोन्ही घरांची दारं दिवसभर उघडी, नुसता जाळीचा दरवाजा लोटलेला. तिची फोडणी माझ्या घरात, माझी शिंक तिच्या घरात. चारचा चहा आलटूनपालटून, एक दिवस तिच्याकडे, एक दिवस माझ्याकडे. माझी पोरं लग्नं होऊन लांब गेलेली. ही पोरीची आई मला लेकीसारखी होती, म्हणजे मी तिला ओरडायचेही तेवढंच.

एके दिवशी मुलगी शाळेतून घरी आली नाही. तिसऱ्या दिवशी सापडली, पण जिवंत नाही. कोणी मारलं, ते आजवर कळलेलं नाही.

पोलिसांना कळलं नाही, बिल्डिंगला मात्र लगेच सगळं कळलं. भाजीवाल्यापाशी, सोसायटीच्या ग्रुपवर, जो तो तपास करायला बसला. आधी संशय रिक्षावाल्यावर, मग वॉचमनवर, मग पोरीच्या सख्ख्या मामावर. मेल्यांना दुसरा उद्योग नव्हता. आणि मी तरी काय वेगळी? गिरणीत दळणासाठी थांबले होते, तिथे बोलून गेले, "त्या सकाळीच बिचारीनं पोरीला धपाटा घातला होता, वेणी घालू देईना म्हणून. आता तेच तिला डाचत असणार." कळवळून बोलले हो, देवाशपथ. संध्याकाळी ग्रुपवर आलं, आई पोरीला मारायची, शेजारचेच सांगतात.

मग पोलिसांनी तिला पुन्हा पुन्हा बोलावलं. ती जिन्यात दिसली की बायका गप्प व्हायला लागल्या. जाळीमागचं लाकडी दार बंद झालं ते झालंच. चारचा चहा मी एकटी पीत राहिले. समोरची बेल वाजवायची माझी हिंमत झाली नाही.

त्यांनी घर सोडलं त्या दिवशी खाली टेम्पोत सामान चढत होतं. ती माझ्या दारात आली. आत ये म्हटलं तरी आली नाही. म्हणाली, "काकी, त्या दिवशी सकाळी ती जाताना तुम्ही तिला बघितलंत का?"

वाटलं, आता विचारणार, गिरणीत तुम्हीच बोललात ना? "नाही गं," मी घाईघाईनं म्हणाले, "मी आत होते. मी काही बघितलं नाही, काही ऐकलं नाही."

ती "बरं," म्हणाली आणि जिना उतरून गेली.

ती जाब विचारायला आलीच नव्हती, हे माझ्या डोक्यात शिरायला कितीतरी दिवस लागले. चहा गाळता गाळता कळलं. कोणी मारलं, हे सगळं विरार विचारत होतं. तिला एवढंच जाणून घ्यायचं होतं, पोरगी घरातून रडत गेली का.

तिचा नंबर बंद आहे. कोणी म्हणतं इथेच जवळ आचोळ्याला राहतात, कोणी म्हणतं गावी गेले. मी दोनदा आचोळ्याला फिरून आले. पण विचारणार कोणाला? तिचं नाव घेतलं की लोक पुन्हा तीच गोष्ट चघळायला घेतात. चार वाजले की अजून माझे कान समोरच्या दाराकडे जातात. तिथे आता दुसरी माणसं आहेत, चांगली आहेत, पण मला ती हवी आहे.

भेटली तर माफी नंतर मागेन. आधी सांगेन, मी बघितलं होतं गं तिला. डोळे पुसत माझ्या जाळीशी आली होती. मी सुटलेली रिबीन बांधली, गूळ घालून पोळीची गुंडाळी हातात दिली. ती खात खात, दोन-दोन पायऱ्या उड्या मारत उतरली. आणि खालच्या मजल्यावरून ओरडली, "काकी, आईला सांग, वेणी आता छान झाली."