चिमीचा नारळ

गेल्या मंगळवारी मी माझ्याच नावाने ठेवलेला नारळ पाहिला. दिवसाढवळ्या, लख्ख उन्हात... थांबा, नीट सांगते.

सध्या रत्नागिरीत दिग्दर्शक म्हणून माझ्या पहिल्या सिनेमाचं शूटिंग चालू आहे. नव्या मंडळींसाठी सांगते, नऊ वर्षांची असताना मी एका सिनेमात चिमी नावाच्या मुलीचं काम केलं होतं. शेवटी चिमी समुद्रात बुडते. त्या सीनसाठी मला बक्षीस मिळालं, आणि अजूनही लोक लग्नाबिग्नात गाठून म्हणतात, "काय बुडाली होतीस गं!"

बाराव्या वर्षी दात पुढे आले आणि कामं बंद झाली. मोठी झाल्यावर पंधरा वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली असिस्टंटगिरी केली, शिव्या खाल्ल्या, तेव्हा कुठे ही दिग्दर्शकाची खुर्ची मिळाली.

माझ्याही सिनेमात एक मुलगी पाण्यात शिरते. सान्वी, वय वर्षं नऊ, इथल्याच शाळेतली. सगळे म्हणत होते टँकमध्ये करू, पण मी हटूनच बसले... खरा समुद्रच हवा. मी नव्हतं केलं त्या वयात? मग हिला काय धाड भरलीय!

बुधवारी सकाळी तो शॉट होता, म्हणून मंगळवारी एकटीच जागा बघायला गेले. रत्नागिरीच्या मांडवी किनाऱ्यापासून गाडीने अर्ध्या तासावर, चिमीचा सीन झाला होता तोच किनारा. हौस हो, दुसरं काय!

अमावास्येची ओहोटी होती, पाणी पार लांब गेलेलं. खडकापर्यंत गेले, तिथे चपला काढल्या, तर खडकावर एक ताजा नारळ, हळदकुंकू आणि लहान मुलीच्या मापाच्या हिरव्या बांगड्या. मला वाटलं, असेल कुणाचा तरी नवस.

अलीकडे एक म्हाताऱ्या मावशी वाळूत जवळा सुकत घालत होत्या. त्यांना सहज विचारलं, "मावशी, हा नारळ कोणाचा?"

"माझा. त्या पोरीला ठेवलाय. शूटिंगवाले आलेले, त्यांची पोर हिते बुडाली." हातातला जवळा पसरत त्या म्हणाल्या. "चिमी म्हणायचे तिला."



मी हसून म्हटलं, "अहो, ते नाटक असतं." मावशी माझ्यावर एकदम तापल्या. "नाटक? दोनदा वर आली, दोनदा खाली गेली. हात मारीत होती पोर! नि त्यांनी मशीन बंद नाय केलानी. शेवटी आमच्या ह्यांनी होडी घातलानी. काळीनिळी पडलेली. गाडीत घालून नेलानी, परत कोण आला नाय. त्यापासून दर अमावास्येला ठेवते."

मला यातलं काही म्हणजे काही आठवत नव्हतं. एवढंच आठवत होतं, की कॉटवर जाग आली आणि डायरेक्टर काका चॉकलेट देत म्हणाले, "शॉट ओके!"

मी खाली बसले. म्हटलं, "मावशी, चिमी मीच. मी जिवंत आहे."

त्यांनी माझी हनुवटी धरून वर केली, बराच वेळ बघितलं, मग माझे हात दाबून पाहिले. "जगलीस गो बाय!" म्हणत रडायलाच लागल्या. मलाही आवरेना... आपल्यासाठी इतकी वर्षं कुणी रडत होतं, आणि आपल्याला पत्ताच नाही!

आणि मग मध्येच त्या थांबल्या. माझ्या खांद्यावरून खडकाकडे बघत हळूच म्हणाल्या, "मग ओहोटीला तिकडे उभी राहते ती कोण?"

मी वळून पाहिलं. खडक होता, पाणी होतं. कुणी नव्हतं... पण माझ्या चपला तिथेच होत्या, आणि खरं सांगते, त्या आणायला मी गेले नाही.

गाडीत बसून आईला फोन लावला. मावशींचं बोलणं तिला सांगितलं. ती म्हणाली, "तुला पाण्याची भीती बसू नये म्हणून नाही सांगितलं गं. आणि सिनेमा तर चालला होता..." मी फोन ठेवून दिला. चिडू तरी कोणावर? तोच शॉट मीही उद्या घेणार होते, बक्षिसावर डोळा ठेवून.

संध्याकाळी शॉट रद्द केला. प्रोड्युसरने घालायचा तेवढा गोंधळ घातला. आता मुलगी किनाऱ्यावर पाठमोरी चालत जाते आणि सीन तिथेच संपतो. सिनेमा कमी पडला तर पडू दे. त्या मावशींचे उपकार मी या जन्मी फेडू शकत नाही.

नाराज झाली ती फक्त सान्वी. गाल फुगवून बसली, म्हणाली, "ताई, रद्द का केलंस? मला येतं की पोहायला!"

मी तिला जवळ घेतलं. नऊ वर्षांची असताना मीही डायरेक्टर काकांना हेच सांगितलं होतं.